पंचवीस वेळा ९ टाकले, प्रोग्राम पडला नाही. मग पार्सर बरोबर आहे का?

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेल्या चौघांनी मेजर प्रोजेक्ट म्हणून सी मध्ये एक छोटी प्रोग्रामिंग भाषा बनवली आहे. कीवर्ड मराठी, अंक देवनागरीही चालतात आणि इंग्रजीही. गाइडनी सांगितलं, "खूप मोठे आकडे टाकून बघा." यांनी पंचवीस वेळा ९ लिहून तो आकडा छापायला सांगितला. उत्तर आलं १५९०८९७९७८३५९४१४७८३. क्रॅश नाही, एरर नाही. "चालून तर राहिलं, पण हे बरोबर समजायचं का? आणि एक्स्टर्नल परीक्षकाला दाखवायला अजून कोणत्या टेस्ट लिहायच्या?"

बरोबर समजायचं नाही. पण तुमच्या या एका उत्तरातून बरंच काही कळतं, म्हणून आधी त्याकडेच बघू.

पंचवीस नवांच्या त्या आकड्याला २ च्या ६४ व्या घाताने भागलं तर बाकी उरते ती नेमकी १५९०८९७९७८३५९४१४७८३. म्हणजे तुमचा पार्सर (मजकुरातून आकडा वाचणारा भाग) डावीकडून एकेक अंक उचलतो, आतापर्यंतच्या किमतीला दहाने गुणतो, नवा अंक मिळवतो आणि ६४ बिटांच्या बाहेर जे सांडेल ते सांडू देतो. मधल्या पायऱ्यांवर कुठलीच तपासणी नाही, हेही कळतं. प्रत्येक पायरीला "किंमत उणे तर झाली नाही ना" एवढं जरी पाहिलं असतं, तरी एकोणिसाव्या ९ ला -८४४६७४४०७३७०९५५१६१७ दिसलं असतं आणि तुम्ही तिथेच थांबला असता. शेवटी एकदाच तपासत असाल तर उपयोग नाही. पुढचे सहा ९ खाऊन आकडा पुन्हा अधिक झालेला आहे.

हीच ओळ दुसऱ्या कुठल्या पार्सरला दिली तर उत्तर वेगळं येतं, आणि उत्तर बघून आत काय चाललंय ते नाडी पाहिल्यासारखं सांगता येतं. ९२२३३७२०३६८५४७७५८०७ आलं, तर कुणीतरी आकडा चिन्हासहित ६४ बिटांच्या कमाल मर्यादेवर अडवलाय. लिनक्सवर सी चं स्ट्र-टू-एल हेच करतं आणि सोबत एररनो या चलात ई-रेंज ही मर्यादेबाहेरची खूण ठेवतं. ते बघायचं आपण विसरतो. १००००००००००००००००९०५९६९६६४ असा शेपटीला कचरा लागलेला आकडा आला, तर वाटेत कुठेतरी डबल (दशांश संख्या ठेवायचा ६४ बिटांचा प्रकार) आहे, कारण त्या परिसरात डबलला धरता येणारी सगळ्यात जवळची संख्या तीच. -९२२३३७२०३६८५४७७५८०८ आलं, तर बहुतेक डबलमधून पूर्ण संख्येत उतरताना इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर जे होतं ते झालंय. पायथनने पंचवीसच्या पंचवीस ९ जसेच्या तसे परत दिले असते. रस्टने सरळ एरर दिली असती.

आता गाइडच्या सूचनेबद्दल. खूप मोठा आकडा ही फारशी कडक परीक्षा नव्हे. कडक परीक्षा सीमेवर असते, आणि सीमेच्या थोडं पलीकडे एक अशी पट्टी असते जिकडे कुणी फिरकत नाही, तिथे असते. पण त्याआधी तुम्ही चौघांनी बसून एक वाक्य लिहून काढा: आकडा मावला नाही तर आपली भाषा काय करणार? हे वाक्य ठरलेलं नसेल तर टेस्ट लिहिता येत नाही. टेस्ट म्हणजे अपेक्षित उत्तर, आणि अपेक्षाच ठरलेली नाही. आज तुमच्या भाषेने जे केलं ते "चूक" आहे हे मी म्हणतोय, पण तुमच्या डॉक्युमेंटमध्ये "६४ बिटांत गुंडाळून घेतो" असं लिहिलेलं असतं तर तेच उत्तर बरोबर ठरलं असतं.

मोठमोठ्या भाषांचंही यावर एकमत नाही. जावाचं पार्स-लाँग एक्सेप्शन टाकतं. गो चं पार्स-इंट एरर देतं, पण सोबत कमाल किंमतही परत करतं; एरर अंडरस्कोरमध्ये टाकून, म्हणजे न बघता, पुढे जाणारा प्रोग्रामर मग ती किंमत खरी समजून वापरतो. पीएचपीमध्ये ९२२३३७२०३६८५४७७५८०८ थेट कोडमध्ये लिहिलं तर ते गुपचूप फ्लोट (दशांश प्रकार) होतं. लुआची ५.३ पासूनची तऱ्हा तर दुहेरी आहे: दशमान आकडा मावला नाही तर फ्लोट, पण हेक्स (सोळाच्या पायातला) आकडा मावला नाही तर गुंडाळून पूर्ण संख्याच. सी च्या ए-टू-आय बद्दल स्टँडर्ड काही बोलतच नाही, वर्तन अनिर्धारित आहे. ६४ बिटांच्या लिनक्सवर ग्लिबसी या सी लायब्ररीमध्ये ए-टू-आय ला ४२९४९६७२९७ दिलं तर मुकाट्याने १ मिळतो. माझं मत विचाराल तर विद्यार्थ्यांच्या भाषेने एरर द्यावी, ओळ क्रमांकासकट. फ्लोटमध्ये सरकवणं मला अजिबात पटत नाही. हिशेब चुकतो तो तीनशे ओळींनंतर दिसतो, आणि तोवर कारण कुठे होतं हे कुणाला आठवत नाही.

एरर द्यायची ठरली, असं धरून पुढे जातो.

पहिल्यांदा लिहाल त्या टेस्ट सीमेच्या दोन्ही बाजूंच्या: ९२२३३७२०३६८५४७७५८०६, ९२२३३७२०३६८५४७७५८०७ आणि ९२२३३७२०३६८५४७७५८०८. पहिले दोन वाचले गेले पाहिजेत, तिसऱ्याला एरर. हे आकडे काही दिवसांत पाठ होतील. पण एवढ्यावर थांबू नका, कारण ओव्हरफ्लो (आकडा न मावणं) पकडण्याच्या दोन लोकप्रिय पद्धती नेमक्या अशा सीमेवरच्या टेस्टमध्ये पास होतात आणि पुढे तोंडघशी पडतात.

पहिली पद्धत वर आलीच: प्रत्येक पायरीला किंमत उणे झाली का बघा. १८४४६७४४०७३७०९५५१६१७ हा आकडा घ्या. शेवटचा अंक सोडला तर उरतं १८४४६७४४०७३७०९५५१६१, जे आरामात मावतं. दहाने गुणून ७ मिळवलं की होतं २ चा ६४ वा घात अधिक १. गुंडाळून उरला १. अधिक आहे, उणे नाही, तपासणी पास, आणि वीस अंकी आकड्याच्या जागी तुमच्या भाषेत १ बसला.

दुसरी पद्धत चिन्हविरहित (उणे किंमत नसलेल्या) पूर्णांकांसाठी वापरतात: नवी किंमत जुन्यापेक्षा लहान झाली तर ओव्हरफ्लो. हे ऐकायला इतकं पटतं की कोड रिव्ह्यूमध्ये सहज निघून जातं. ३२ बिटांवर कागदावर करून बघा, आकडे छोटे पडतात. कमाल ४२९४९६७२९५. त्याच्या पुढचा ४२९४९६७२९६ गुंडाळून ० होतो, ० जुन्यापेक्षा लहान, पकडला. त्याच्या पुढचे सुमारे ४७ कोटी ७२ लाख आकडेही पकडले जातात. आणि मग येतो ४७७२१८५८८४. शेवटचा अंक घेण्याआधी हातात होतं ४७७२१८५८८. दहाने गुणलं, ४ मिळवले, ४२९४९६७२९६ वजा झाले, उरलं ४७७२१८५८८. तोच आकडा! जुन्यापेक्षा लहान नाही, म्हणून पास. जणू शेवटचा ४ कुणी टाइपच केला नव्हता. त्यापुढे ४९९९९९९९९९ दिला तर ७०५०३२७०३ मिळतं, तेही बिनबोभाट. बेरजेत ही तपासणी बरोबर चालते, कारण एका बेरजेत एकदाच गुंडाळलं जातं आणि किंमत घसरतेच. दहाने गुणताना मात्र गुंडाळूनही जुन्याच्या पुढे जाता येतं. ६४ बिटांवर हाच दोष पकडायचा असेल तर वीस अंकी आकडा द्या, २ ने सुरू होणारा आणि पुढे सगळे ९. तो ११५५३२५५९२६२९०४४८३८३ म्हणून वाचला गेला तर समजून घ्या.

योग्य तपासणी गुणण्याच्या आधी करायची असते. हातातली किंमत ९२२३३७२०३६८५४७७५८० पेक्षा मोठी असेल तर पुढचा कोणताही अंक मावणार नाही. तेवढीच असेल तर ७ पर्यंतचा अंक चालेल. लहान असेल तर कोणताही. जीसीसी आणि क्लँगमध्ये ओव्हरफ्लो सांगणारी बिल्ट-इन फंक्शनं आहेत, ती वापरलीत तरी उत्तम. तुम्ही सी मध्ये आहात म्हणून आणखी एक: चिन्हासहित पूर्णांक ओव्हरफ्लो होणं हे सी मध्ये अनिर्धारित आहे, त्यामुळे "उणे झालं का" ही तुमची तपासणी कंपायलर ऑप्टिमायझेशनमध्ये काढूनही टाकू शकतो. म्हणून सगळ्या टेस्ट तीनदा चालवा, एकदा ऑप्टिमायझेशन बंद ठेवून आणि एकदा ओ-टू लावून, आणि तिसऱ्यांदा अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर (अनिर्धारित वर्तन पकडणारा कंपायलरचा पर्याय) लावून. तिन्हीकडे उत्तर एकच आलं पाहिजे. लॅबमधल्या विंडोज मशीनवरही चालवून बघा, कारण तिथे ६४ बिटांच्या सिस्टिमवरही सी चा लाँग ३२ बिटांचाच असतो.

उणे बाजू हा वेगळा त्रास आहे. सर्वात लहान किंमत -९२२३३७२०३६८५४७७५८०८. अधिक बाजूपेक्षा एकाने जास्त. बहुतेक लहान भाषांत लेक्सर (कोडचे तुकडे पाडणारा भाग) उणे चिन्ह वेगळं टोकन, म्हणजे वेगळा तुकडा, म्हणून काढतो आणि उरलेला आकडा आधी वाचतो. मग तो आकडा ९२२३३७२०३६८५४७७५८०८, जो मावत नाही, आणि पूर्णपणे कायदेशीर किंमतीला एरर येते. एरर द्यायला लागलात की तुमच्याकडे हे होणारच, पैज लावतो. जावाने व्याकरणातच यासाठी खास सवलत ठेवली आहे. लुआमध्ये तो फ्लोट होतो. सी च्या हेडर फाइलींमध्ये इंट-मिन ची व्याख्या "उणे २१४७४८३६४७ वजा १" अशी आडवळणाने लिहिलेली दिसते ती याच कारणाने. मजकुरातून आकडा वाचताना मात्र चिन्ह आपल्या हातात असतं. तिथे जावाची लायब्ररी एक छान युक्ती करते: किंमत उणे बाजूनेच जमवत नेते आणि अधिक हवी असेल तर शेवटी चिन्ह उलटते, कारण उणे बाजूला जागा एकाने जास्त आहे.

त्याच ओघात सी चं स्ट्र-टू-यूएलएल "-१" ला काय देतं तेही एकदा बघून घ्या. १८४४६७४४०७३७०९५५१६१५ देतं, एररशिवाय. स्टँडर्डप्रमाणे ते बरोबर आहे.

आता डबलची भानगड. तुमच्या कोडमध्ये दशांश आणि पूर्णांक एकाच फंक्शनमधून वाचले जात असतील (विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये जवळपास नेहमी तसंच असतं) तर हा भाग नीट वाचा. डबलमध्ये सलग सगळे पूर्णांक ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच बसतात. ९००७१९९२५४७४०९९३ दिला की ...९९२ मिळतो. जावास्क्रिप्टमध्ये पार्स-इंट वापरणाऱ्यांना हा अनुभव रोजचा आहे. ट्विटरने २०१० मध्ये ट्वीटचे आयडी लांबवले तेव्हा जेसन या डेटा-स्वरूपात तोच आयडी स्ट्रिंग म्हणून वेगळा द्यावा लागला, तो याचमुळे.

गंमत अशी की हा दोष पकडायला लोक जे आकडे वापरतात ते नेमके निरुपयोगी असतात. १ वर अठरा शून्यं टाकून बघतात. डबल ती संख्या बिनचूक धरतो; दहाचे घात २२ व्या घातापर्यंत डबलमध्ये तंतोतंत बसतात. म्हणजे टेस्ट हिरवी, दोष आत तसाच. सीमेवरचा आकडाही दगा देतो. ९२२३३७२०३६८५४७७५८०७ डबलमध्ये गेला की ...८०८ होतो. जावा आणि रस्टमध्ये डबलचं पूर्णांकात रूपांतर करताना मावेना तर कमाल किंमत देतात, म्हणून परत येताना तो पुन्हा ...८०७ होतो. आत एक चूक, बाहेर दुसरी, आणि टेस्ट पास. म्हणूनच वर मी ...८०६ सुद्धा घ्यायला सांगितलं. तोही ...८०७ होऊन आला की चोर सापडला. ५३ ते ६३ बिटांच्या मधले विषम आकडे, शेवटचे अंक वेडेवाकडे असलेले, ही डबल पकडायची खरी जाळी.

उत्तर बरोबर आहे हे ठरवणारा कोण, हाही प्रश्न आहेच. तुमच्या भाषेत टेस्ट लिहून "वाचलेला आकडा बरोबर ९००७१९९२५४७४०९९३" असं तपासलंत तर दोन्ही बाजू त्याच पार्सरमधून जातात. दोन्ही सारख्याच चुकतात आणि बरोबरी खरी निघते. अपेक्षित उत्तर बाहेरून आणा: पायथनकडून किंवा लिनक्सवरच्या बीसी या कॅल्क्युलेटरकडून, आणि तुलना मजकुराची करा, आकड्याची नाही. छापणारं फंक्शनही तुमचंच असल्यामुळे मी त्यात एक आडवी तपासणी घालतो. मूळ मजकुरावरून, अंक अंक करत, ९७ ने भागल्यावरची बाकी काढायची (यात मोठी किंमत कधी हातात येतच नाही) आणि वाचलेल्या आकड्याला ९७ ने भागून आलेल्या बाकीशी ताडून बघायची. शाळेत नवाचा पडताळा करायचो, त्याचाच मोठा भाऊ. अंकांची अदलाबदल झाली तर नवाच्या पडताळ्याला कळत नाही. शेजारचे दोन अंक उलटले तर ९७ ला ते कळतं.

तुमच्या भाषेचं वैशिष्ट्य देवनागरी अंक, त्यामुळे इथे तुम्हाला इतरांपेक्षा जास्त टेस्ट लागतील. (या उत्तरात मी सगळे आकडे देवनागरीत लिहिलेत. कॉपी करून चाचणीत टाकाल तेव्हा तेच देवनागरी अंक जातील हे लक्षात असू द्या. दोन्ही लिपींत एकेकदा टाका.) यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात देवनागरीचा प्रत्येक अंक तीन बाइट घेतो. आता समजा तुम्ही "१९ पेक्षा लांब असेल तर मावणार नाही" अशी सोपी तपासणी स्ट्रिंगच्या लांबीवर ठेवली आहे. स्ट्रलेन बाइट मोजतं. १२३४५६७ हा सात अंकी आकडा २१ बाइटचा, म्हणजे बारा लाखांचा आकडा "फार मोठा" ठरणार. ३२ बाइटचा बफर घेतला असेल तर अकरावा अंक अर्धा तुटणार. या दोन टेस्ट आजच लिहा.

लांबीवरून निकाल लावण्यात दुसरीही खोट आहे: पुढची शून्यं. पाचशे शून्यं आणि मग ७, याची किंमत ७ आहे. ती नाकारायची असेल तर डॉक्युमेंटमध्ये तसं लिहा, नाहीतर ७ द्या. आणि एकच शून्य पुढे असेल तर? रुबीचं इंटिजर फंक्शन "०१०" ला ८ समजतं, पायथनचं इंट १०. तुम्ही ठरवा.

पायथनचं इंट आणि जावाचं पार्स-इंट देवनागरी अंक आधीपासून स्वीकारतात, बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं. गो आणि रस्ट नाकारतात, जावास्क्रिप्टचं नंबर नॅन ("आकडा नाही") देतं. पायथन तर एकाच आकड्यात अर्धे देवनागरी आणि अर्धे इंग्रजी अंकही चालवून घेतं. तुमच्या भाषेत एका आकड्यात एकच लिपी असावी असं मी सुचवीन. नाहीतर बंगाली, गुजराती अंकही आत येतील, आणि डोळ्यांना वेगळा दिसणारा मजकूर यंत्राला एकच वाटेल. पासवर्ड किंवा कूपन कोड तपासणाऱ्या प्रोग्रामला हे महागात पडतं.

स्वल्पविरामाचं काय? इतवारीतल्या एका धान्य व्यापाऱ्याकडे हिशेबाचं सॉफ्टवेअर तपासायला गेलो होतो. दिवाणजी एक्सेलमधून व्यवहार आयात करत होते. रक्कम १,२५,०००. यादीत उमटली १. त्याखालची ८४,५०० ची रक्कम उमटली ८४. कोडमध्ये जावास्क्रिप्टचं पार्स-इंट होतं, जे चालेल तितकं वाचतं आणि पहिल्या अनोळखी चिन्हावर थांबून जमलेलं उत्तर देतं. तक्रार करत नाही. सी चं ए-टू-आय, रुबीचं टू-आय याच स्वभावाची. पंचवीस अंकी आकड्याने हा दोष कधीच दिसला नसता. त्यामुळे "मोठे आकडे" या टेस्टच्या यादीत आपल्या पद्धतीने लिहिलेले लाख-कोटी घालाच, शिवाय आकड्यानंतर अक्षर, आकड्यानंतर जागा, नुसतं उणे चिन्ह, नुसती रिकामी ओळ आणि १ई३ सारखं वैज्ञानिक लेखन. मराठी भाषा म्हणून १,२५,००० तसंच कोडमध्ये लिहू द्यायचा मोह होईल. करू नका, फंक्शनचे आर्ग्युमेंट स्वल्पविरामानेच तुटतात. अंडरस्कोर चालवा: १_२५_०००. मात्र मग कोडमधला आकडा आणि चालत्या प्रोग्रामने वाचलेला मजकूर हे दोन वेगळे रस्ते आहेत हे ध्यानात घ्या. जावा कोडमध्ये अंडरस्कोर घेतं, पार्स-लाँग मध्ये नाही. पायथन दोन्हीकडे घेतं. तुमच्याकडे दोन्ही रस्त्यांना एकच फंक्शन आहे की दोन, हे मला माहीत नाही. दोन असतील तर सगळी यादी दोनदा चालवायची.

वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक यांची उदाहरणं डेमोत घेणार असाल तर ते मजकूर म्हणूनच ठेवा. त्यांची बेरीज कुणी करत नाही, आणि पुढची शून्यं गेली तर खातंच बदलतं.

हाताने लिहिलेल्या यादीनंतर यादृच्छिक आकडे. इथे एक बारकावा आहे. ६४ बिटांतून सरसकट रँडम आकडा काढलात तर जवळपास सगळे अठरा-एकोणीस अंकी निघतात. लहान आकडे येतच नाहीत आणि मर्यादेबाहेरचा तर एकही नाही. म्हणून आधी लांबी निवडा, १ ते ४० मधली कोणतीही, आणि मग तितके अंक. शिवाय २ च्या प्रत्येक घाताच्या आणि १० च्या प्रत्येक घाताच्या दोन मागचे, दोन पुढचे आकडे, १३० व्या घातापर्यंत. ही फाइल पायथनच्या चार ओळींत तयार होते, अपेक्षित उत्तरासकट. ती रिपॉझिटरीत ठेवा आणि प्रत्येक बिल्डला चालवा. वर सांगितलेल्या दोन्ही चुकीच्या तपासण्या या फाइलपुढे टिकत नाहीत.

राहिला वेळ. तुम्ही पुढे मागे पायथनसारखे अमर्याद पूर्णांक देणार असाल तर बरोबर उत्तर पुरेसं नाही, किती वेळात आलं हेही टेस्टचाच भाग. एकेक अंक घेऊन दहाने गुणत जाणं, तेही वाढत जाणाऱ्या मोठ्या संख्येला, म्हणजे अंक दुप्पट झाले की वेळ चौपट. पायथनला हेच भोवलं. पाच लाख वेळा १ लिहिलेला मजकूर इंट ला दिला तर वेगवान प्रोसेसरवरही सेकंदाहून जास्त वेळ जाऊ शकतो, आणि वेब सर्व्हरला असे आकडे पाठवत राहिलं की तो अडकून बसतो. सीव्हीई-२०२०-१०७३५ या क्रमांकाने तो सुरक्षा-दोष म्हणून नोंदला गेला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ३.१०.७ आणि त्याच सुमाराच्या इतर आवृत्त्यांत दशमान रूपांतरावर ४३०० अंकांची मर्यादा आली. त्याहून लांब आकडा दिला की व्हॅल्यू-एरर. हेक्स आणि बायनरीला ती मर्यादा नाही, कारण तिथे अंकांचे थेट बिट होतात, गुणाकार लागत नाही आणि वेळ अंकांच्या प्रमाणातच वाढतो.

हे मोजायला स्टॉपवॉचची अचूकता लागत नाही. १०,०००, २०,०००, ४०,००० आणि ८०,००० अंकांचे आकडे द्या आणि लागोपाठच्या वेळांचं गुणोत्तर बघा. ४ च्या आसपास असेल तर वर सांगितलेला भोळा मार्ग आहे. ३ च्या आसपास असेल तर आकडा मधोमध तोडून दोन भाग वेगळे वाचणं आणि कारात्सुबा या जलद पद्धतीने गुणणं चाललंय, असं समजा. पायथनने ३.१२ मध्ये फार मोठ्या आकड्यांसाठी असा वेगळा मार्ग घातला आहे. मे महिन्याच्या दुपारी, पंचेचाळीस अंशांत, पंखा घरघरणाऱ्या लॅपटॉपवर घेतलेल्या वेळा एकमेकांशी जुळणार नाहीत. प्रोसेसर तापला की स्वतःच मंदावतो. प्रत्येक लांबीला पाच-सात वेळा चालवून सर्वात कमी वेळ धरा, सरासरी नको.

मर्यादा घातलीत तर तिचीही सीमा तपासा: पायथनच्या धर्तीवर ४३०० अंक ठेवलेत तर ४३०० चालला पाहिजे, ४३०१ नाही. उणे चिन्ह आणि अंडरस्कोर त्या मोजणीत धरता की नाही तेही लिहून ठेवा. पायथन धरत नाही. आणि छापणं विसरू नका. दहाचा ४३०० वा घात गुणाकाराने तयार करता येतो, त्यात ४३०१ अंक असतात, आणि पायथन तो छापायलाही नकार देतं, कारण उलट दिशेचं रूपांतरही तितकंच खर्चिक आहे.

शेवटची टेस्ट एरर मेसेजची. "आकडा मावत नाही" म्हणताना बहुतेक जण तो आकडाच मेसेजमध्ये छापतात. पन्नास हजार अंकी आकडा दिला की पन्नास हजार अंकी एरर, आणि लॉग फाइल फुगते. पायथनचा मेसेज मर्यादा किती आणि आलेल्या आकड्यात अंक किती हे सांगतो, आकडा छापत नाही. तुम्ही ओळ क्रमांक, पहिले दहा-बारा अंक आणि एकूण अंकसंख्या छापा. देवनागरी आकडा असेल तर ते पहिले बारा अंक बाइट मोजून तोडू नका.